करमाफीच्या घरांची दारे: डॅलस परिसरातील मराठी घरमालक आणि गुंतवणूकदार यांस खुले पत्र

आदरणीय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात, आपल्यापैकी अनेक जण ज्यात आहेत अशा एका गुंतवणुकीच्या व्हॉट्सॲप गटावर एक प्रश्न आला. काही जणांनी मिळून ज्या अपार्टमेंट संकुलात पैसे घातले आहेत, त्याला मालमत्ता करातून सूट देताना अशी अट घालण्यात आली आहे की, सरकारी हाउसिंग व्हाउचर घेऊन येणाऱ्या भाडेकरूला केवळ व्हाउचर आहे या कारणावरून परत पाठवता येणार नाही. या अटीमुळे परतावा किती कमी होईल आणि ती टाळायला काही मार्ग आहे का, असे त्या गृहस्थांनी विचारले होते. तासाभरात भराभर उत्तरे आली. त्यांतील बहुतेकांचा सूर असा होता की "तसले" लोक आत आले की संकुलाची रया जाते, तेव्हा वकिलाला विचारून पळवाट शोधावी. मी उत्तर लिहायला घेतले होते, परंतु जे सांगायचे आहे ते चार ओळींत मावणारे नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी स्वतः घरमालक आहे. अठरा वर्षांपूर्वी अर्विंगला आलो, पुढे राहायचे घर घेतले, नंतर भाड्याने देण्यासाठी दोन घरे घेतली, आणि आपल्यासारखेच थोडे पैसे सिंडिकेशनमध्येही, म्हणजे अनेकांनी मिळून घेतलेल्या संकुलातही, घातले. दर मे महिन्यात अप्रेझल, म्हणजे करासाठी ठरवलेली घराची किंमत, वाढल्याविरुद्ध दाद मागणाऱ्यांच्या रांगेत मीही असतो आणि ३१ जानेवारीच्या आत कर भरताना माझाही जीव खालीवर होतो. रिकाम्या घराचा हप्ता खिशातून भरणे म्हणजे काय असते, हे मला ठाऊक आहे.

प्रथम व्हाउचर म्हणजे काय, हे नीट सांगणे आवश्यक वाटते, कारण गटावरील उत्तरांत त्याविषयी बरेच गैरसमज दिसले. ज्याला आपण सर्रास 'सेक्शन एट' म्हणतो, त्या योजनेचे मूळ १९७४ च्या केंद्रीय गृहनिर्माण कायद्यात आहे. सरकारने स्वतः वसाहती बांधून गरिबांना एका जागी कोंडण्याऐवजी, त्यांनी खुल्या बाजारात घर शोधावे आणि भाड्याचा काही भाग सरकारने भरावा, ही त्यामागची कल्पना. कुटुंब आपल्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाग भाड्यापोटी देते आणि उरलेली रक्कम स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाच्या खात्यात जमा करते. भाडे आसपासच्या तशाच घरांच्या मानाने वाजवी आहे की नाही हे आधी तपासले जाते, घराची पाहणी होते, आणि मगच करार होतो. आज देशात सुमारे २३ लाख कुटुंबे व्हाउचरवर राहतात. त्यांत वृद्ध आहेत, अपंग आहेत, आणि लहान मुले पदरी असलेले, रुग्णालयात, गोदामात किंवा हॉटेलात कमी पगारावर राबणारे आईबाप आहेत. भाड्यासाठी केंद्राची मदत मिळण्यास पात्र असलेल्या दर चार कुटुंबांपैकी जेमतेम एकाला ती मिळते. वर्षानुवर्षे यादीत थांबून हाती आलेल्या व्हाउचरला मुदत असते, ती अनेकदा ६० दिवसांची असते. वाढवून मिळाली तर ठीक, नाही तर तेवढ्या काळात घर न मिळाल्यास ते कागद परत जातात.

आता आपल्या डॅलस परिसराविषयी. २०११ पासून इथे व्हाउचरची भाडेमर्यादा संपूर्ण महानगरासाठी एकच न ठेवता झिपकोडनुसार ठरते, आणि ही पद्धत देशात सर्वांत आधी डॅलसमध्ये लागू झाली. हा बदल एका खटल्याच्या तडजोडीतून झाला. त्यापूर्वी एकच मर्यादा असल्यामुळे व्हाउचरधारकाला परवडणारी घरे दक्षिण डॅलसच्या ठरावीक वस्त्यांतच मिळत आणि ही कुटुंबे, ज्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे, तिथेच अडकून राहत. झिपकोडनुसार मर्यादा आल्यावर प्लेनो, फ्रिस्को, कॉपेल अशा, आपण राहतो त्या गावांतले भाडेही व्हाउचरच्या आवाक्यात आले. म्हणजे पैशाची अडचण बरीचशी सुटली. राहिली ती दाराची अडचण.

ते दार किती घट्ट बंद आहे, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून कळते. अर्बन इन्स्टिट्यूट या संस्थेने केंद्रीय गृहनिर्माण खात्यासाठी पाच ठिकाणच्या घरमालकांना फोन करून व्हाउचर चालेल का, असे विचारले होते. आपल्या शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये ७८ टक्के घरमालकांनी नाही म्हटले, आणि पाचही ठिकाणांत हे प्रमाण सर्वाधिक होते. न्यू जर्सीतील नेवार्कमध्ये नकार ३१ टक्के होते आणि वॉशिंग्टन डीसीत १५ टक्के. त्या दोन्ही ठिकाणी, उत्पन्नाचा स्रोत पाहून भाडेकरू नाकारणे कायद्याने निषिद्ध आहे. माणसांचे स्वभाव शहरागणिक इतके वेगळे असतात, असे मला वाटत नाही. नियम वेगळे आहेत.

टेक्सासमध्ये असा सरसकट नियम शहरांना करता येत नाही. ऑस्टिन शहराने २०१४ च्या डिसेंबरात तसा नियम केला, तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने २०१५ मध्ये कायदा करून सर्वच शहरांचे हात बांधले. त्या कायद्याने दोन वाटा मात्र मोकळ्या ठेवल्या: निवृत्त सैनिकांना संरक्षण देता येते, आणि जो घरमालक किंवा विकासक स्वखुशीने सरकारी सवलत घेतो, त्याच्याशी करार करून व्हाउचर स्वीकारण्याची अट घालता येते. डॅलसने २०१६ मध्ये नियम केला तो याच चौकटीत राहून. शहराचे आर्थिक साहाय्य घेऊन उभ्या राहणाऱ्या घरांत व्हाउचरधारकाला स्थान मिळाले पाहिजे, असे तो सांगतो. वास्तविक केंद्राच्या १९८६ च्या करसवलत योजनेतून बांधलेल्या संकुलांनाही, व्हाउचर आहे म्हणून कोणाला नाकारण्यास बंदी आहेच. आणि २०२३ मध्ये टेक्सासच्याच विधिमंडळाने सार्वजनिक सुविधा महामंडळांमार्फत (म्हणजे शहरे वगैरे सार्वजनिक संस्थांनी स्थापन केलेल्या महामंडळांमार्फत) करमाफी घेणाऱ्या संकुलांना हीच अट घातली. गटावर जिला काहींनी "शहराची दादागिरी" म्हटले, ती अट घरमालकांची बाजू उचलून धरणाऱ्या राज्यानेसुद्धा मान्य केलेली आहे, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

ही करमाफी कशी चालते, हे आपल्यातील पुष्कळ गुंतवणूकदारांनी कधी विचारलेलेही नसते, कारण सादरीकरणात परताव्याचा आकडा दिसतो आणि मन तिथेच थांबते. जमीन आणि इमारत कागदोपत्री सार्वजनिक महामंडळाच्या नावावर होते, विकासक ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने परत घेतो, आणि मालक सार्वजनिक संस्था असल्यामुळे मालमत्ता कर लागत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. शाळा, पोलीस, अग्निशमन दल, डॅलस कौंटीचे पार्कलंड रुग्णालय, या सर्वांचा मोठा आधार मालमत्ता कर हाच आहे. आपल्या राहत्या घरावर आपण किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास कर भरतो. शेकडो सदनिकांच्या संकुलाला तो संपूर्ण माफ होतो, तेव्हा दरवर्षी केवढी रक्कम सार्वजनिक तिजोरीत न जाता त्या संकुलाकडेच राहते, याचा हिशेब आपण घरबसल्या करू शकता. ती तूट तुम्ही, मी, आणि भाड्याच्या रूपाने अप्रत्यक्षपणे कर भरणारी एखादी व्हाउचरवाली बाईसुद्धा भरून काढत असते.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि पत्राचा सारा भार त्यावरच आहे: ज्या जनतेने आपला कर सोडून दिला, त्याच जनतेच्या पैशाने भाडे भरणाऱ्या कुटुंबाला त्या इमारतीत नकार देण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. सवलत नको असेल, तर टेक्सासमध्ये आजही कोणीही स्वतःच्या पैशाने इमारत बांधावी, पूर्ण कर भरावा आणि व्हाउचर घेऊ नये. कायदा त्याला अडवत नाही. पण माफी घ्यायची आणि अट मात्र चुकवायची, हा व्यवहार मला सचोटीचा वाटत नाही. आपण आपापल्या नोकरीत आणि धंद्यात असा व्यवहार कधीही केला नसता.

चुकवण्याचे प्रकार कोणते असतात, तेही उघडपणे बोलले पाहिजे. जाहिरातीत 'नो सेक्शन एट' असे लिहिणे बंद होते, पण लीजिंग ऑफिस फोन उचलत नाही, किंवा उचलला तर "सध्या काही रिकामे नाही" असे सांगते. त्याहून सभ्य दिसणारा प्रकार उत्पन्नाच्या निकषाचा आहे. समजा सदनिकेचे भाडे १,५०० डॉलर आहे आणि अर्जदाराचे उत्पन्न भाड्याच्या तिप्पट असावे असा संकुलाचा नियम आहे, म्हणजे महिना ४,५०० डॉलर. व्हाउचरवरच्या बाईचे उत्पन्न १,४०० आहे. तिला स्वतःच्या खिशातून ४२० डॉलर द्यायचे आहेत, बाकीचे १,०८० प्राधिकरण देणार आहे. पण तिप्पट मोजली जाते ती पूर्ण भाड्याची, आणि अर्ज फेटाळला जातो. मुळात ४,५०० कमावणाऱ्याला व्हाउचर मिळणेच अवघड! म्हणूनच २०२३ च्या कायद्याने अशा संकुलांना बजावले आहे की, व्हाउचरधारकाच्या उत्पन्नाचा निकष त्याच्या स्वतःच्या हिश्शाच्या अडीचपटीहून अधिक ठेवता येणार नाही. वरील उदाहरणात तो १,०५० डॉलर होतो आणि त्या बाईचा अर्ज सहज बसतो. आपण ज्या संकुलात पैसे घातले आहेत, तिथे कोणता हिशेब लावला जातो, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

आता भीतीविषयी. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही, कारण माझ्याही मनात ती होती. सहा वर्षांपूर्वी माझे एक घर महिनाभर रिकामे होते आणि दोन मुलांना घेऊन राहणाऱ्या एका व्हाउचरधारक बाईंचा अर्ज आला. त्या एका वृद्धाश्रमात परिचारिकेच्या हाताखाली काम करतात. मी त्यांच्या आधीच्या घरमालकाशी बोललो, भाडे वेळेवर आल्याची खात्री करून घेतली, पार्श्वभूमी तपासली. हे सर्व करण्याचा हक्क व्हाउचर असले तरी घरमालकाला असतोच. अट आहे ती फक्त व्हाउचरच्या कारणावरून नकार न देण्याची. पहिल्याच पाहणीत माझे घर नापास झाले. एका खिडकीची कडी लागत नव्हती आणि वरच्या मजल्यावरचा धुराचा अलार्म बंद होता. त्या काळात मी फार चिडलो होतो, कारण दुरुस्ती होऊन फेरपाहणी होईपर्यंत आणखी तीन आठवडे घर रिकामे राहिले. मात्र तो बंद अलार्म आधीचे भाडेकरू राहत असतानाही बंदच होता, आणि त्यांनाही एक तान्हे मूल होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

मग २०२० चा वसंत ऋतू आला. माझ्या दुसऱ्या घरात हॉटेलच्या धंद्यातील एक चांगले कुटुंब राहत होते. त्यांची नोकरी गेली आणि दोन महिने भाडे थांबले. मी त्यांना दोष देत नाही. व्हाउचरच्या घराचे भाडे मात्र त्या संपूर्ण काळात महिन्याच्या सुरुवातीला खात्यात जमा होत राहिले, कारण भाडेकरूचे उत्पन्न घटले की फेरतपासणीनंतर तिचा हिस्सा कमी होतो आणि प्राधिकरणाचा वाढतो. भाडे बुडण्याच्या ज्या धास्तीने आपण व्हाउचर नाकारतो, त्या धास्तीवर एवढे चांगले औषध दुसरे मी पाहिलेले नाही.

नासधुसीची भीती उरते. एका घरावरून मी सर्वांविषयी बोलणार नाही, पण इतक्या वर्षांत माझ्या गालिच्यांचे सर्वांत मोठे नुकसान उत्तम पगाराच्या, उत्तम क्रेडिट स्कोअरच्या भाडेकरूंनी केले आहे, हेही खरे आहे.

गटावरच्या उत्तरांत मला सर्वांत जास्त लागला तो "तसले" हा शब्द. डेंटन कौंटीतील प्रॉव्हिडन्स व्हिलेज आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. २०२२ साली तिथल्या एचओएने, म्हणजे वसाहतीतील घरमालकांच्या संघटनेने, व्हाउचरवरील भाडेकरू ठेवण्यास बंदी करणारा नियम केला. तिथली व्हाउचरधारक कुटुंबे बहुतांश कृष्णवर्णीय होती, आणि मुलांच्या शाळा, नोकऱ्या सोडून घर सोडण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्या प्रकरणानंतर २०२३ मध्ये राज्याने कायदा करून एचओएंना असे नियम करण्यास मनाई केली. त्या वसाहतीतील वादात जे शब्द वापरले गेले, तेच शब्द आज मराठीत आपल्या गटावर उमटत आहेत.

त्याच २०२३ च्या सप्टेंबरात मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला, मराठी माणसांना जागा देत नाही असे सांगून कार्यालयासाठी जागा नाकारण्यात आली, तेव्हा इथल्या आपल्या गटांवर केवढा संताप व्यक्त झाला होता, ते आठवावे. आणि त्याही मागे जायचे तर १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून परतलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यासारख्या पुढारलेल्या संस्थानात, हाती दरबारी नोकरी असताना, राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. भाडे देण्याची ऐपत असलेल्या माणसाला जागा नाकारणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला दुसऱ्या कोणी समजावून सांगावे लागू नये. व्हाउचर म्हणजे तीच ऐपत आहे, फक्त ती सरकारी कागदावर लिहिलेली आहे.

आपण इथे घर घेताना सर्वांत आधी काय पाहिले? शाळा. कोणते स्कूल डिस्ट्रिक्ट, कोणती प्राथमिक शाळा, तिचा दर्जा काय. स्वयंपाकघर आणि अंगण नंतर. लहान घर चालेल, लांबचा प्रवास चालेल, पण मुलांची शाळा चांगली हवी, या एका हट्टापायी आपण उत्तरेकडे सरकत गेलो. तो हट्ट किती योग्य होता, हे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आकड्यांनी दाखवून दिले. १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका केंद्रीय प्रयोगात पाच शहरांतील गरीब वस्त्यांतल्या काही कुटुंबांना कमी गरिबीच्या भागात जाण्यासाठी व्हाउचर देण्यात आले होते. जी मुले तेरा वर्षांची होण्याआधी अशा भागात गेली, त्यांची मोठेपणीची कमाई, तशी संधी न मिळालेल्या मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक निघाली. मोठ्या वयात गेलेल्या मुलांना मात्र तो लाभ झाला नाही. म्हणजे घर मिळायला दोन-तीन वर्षे उशीर झाला, तरी एखाद्या मुलाच्या हातून ती वेळ निघून जाते. माझ्या भाडेकरू बाईंचा मोठा मुलगा घरात आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो आज ज्या शाळेत जातो, त्याच शाळेत माझी मुलगी शिकली.

अटीच्या बाजूने बोलताना प्राधिकरणांकडे आणि शहराकडे बोट दाखवणेही मला आवश्यक वाटते. पाहणीला आठवडेच्या आठवडे लागतात, फोनवर माणूस भेटत नाही, कागद हरवतात. लहान घरमालक यातूनच व्हाउचरला कायमचा रामराम ठोकतो. शहर जर विकासकांना कोट्यवधींची माफी देऊ शकते, तर पाहणी ठरावीक दिवसांत करण्याची हमी आणि डिपॉझिटपलीकडच्या नुकसानीसाठी एक छोटा निधी, एवढे त्याला सहज करता येईल. ही मागणी आपण घरमालकांनी केली पाहिजे आणि ती जोराने केली पाहिजे. मात्र पाहणी उशिरा होते हे कारण पुढे करून करमाफीची अट मोडता येत नाही.

आपणाकडे माझी विनंती अशी आहे. ज्यांनी सिंडिकेशनमध्ये पैसे घातले आहेत, त्यांनी आपल्या प्रवर्तकाला लेखी विचारावे की या संकुलाला कोणती सार्वजनिक सवलत मिळाली आहे, व्हाउचरवरील किती कुटुंबे आज तिथे राहतात, आणि त्यांच्यासाठी उत्पन्नाचा निकष कसा मोजला जातो. गुंतवणूकदार म्हणून हे विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि पाच-सहा जणांनी मिळून विचारले की उत्तर येते. ज्यांची गावे अद्याप अशी अट न घालता सवलती देत आहेत, त्यांनी कौन्सिलच्या सभेत तीन मिनिटे बोलण्यासाठी नाव नोंदवावे. आपल्या लोकांना मी तिथे अपार्टमेंट नकोत म्हणून बोलताना पाहिले आहे, या विषयावर बोलताना अजून पाहिलेले नाही. आणि ज्यांची माझ्यासारखी एक-दोन सुटी घरे आहेत, ज्यांच्यावर कोणतीही अट नाही, त्यांनी पुढच्या वेळी घर रिकामे झाले की जाहिरातीतील 'नो सेक्शन एट' ही ओळ काढून टाकावी आणि येणाऱ्या अर्जाची इतरांसारखीच छाननी करावी. पहिल्या पाहणीची तयारी कशी करायची, कोणते कागद लागतात, भाडे किती मागता येते, हे मी कोणालाही समोर बसून समजावून सांगेन. खिडक्यांच्या कड्या आणि धुराचे अलार्म तेवढे आधी तपासून ठेवा.

आपला,
अर्विंग येथील एक घरमालक